एमरी, तू नक्की कुठल्या राज्याचा?

चिरंजीव एमरी यास, टेनेसीहून आजीचे अनेक आशीर्वाद. मी डेल्फिया, तुझ्या आईची आई. हे मुद्दाम सांगते, कारण माझा ब्याऐंशीवा वाढदिवस तू विसरलास, तेव्हा मलाही विसरला असशील. तुझं फ्लोरिडात ठीक चाललं असेलच. मला लिहिता येत नाही, म्हणून शेजारची ऑर्फा लिहून घेते आहे. (शाळेतून निवृत्त झाली, पण माझी वाक्यं सुधारायची खोड गेली नाही. सुधारू नकोस गं.) माझी तब्येत उत्तम, उजवं मनगट सोडून.

त्याचं असं झालं, की गेल्या ऑगस्टात मी घेवड्याच्या बरण्या नव्या प्रेशरच्या भांड्यात उकडायला लावल्या. साठ वर्षं मी हिवाळ्याची बेगमी करते आहे, कधी एक बरणी तडकली नाही. या भांड्याचं झाकण मात्र उडून छतात रुतलं, आणि जाता जाता माझं मनगट मोडून गेलं. हाडात स्क्रू बसवलेत, तरी दाराची साधी मूठ फिरवता येत नाही. आपले वकील टॅकेट म्हणाले, भांड्याच्या कंपनीवर दावा ठोकू. पण गावच्या कोर्टात नको, तिथल्या न्यायाधीशांच्या मेहुण्याच्याच दुकानात ही भांडी विकायला आहेत. शहरात फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात जाऊ. तिथली अट एवढीच, की मी एका राज्याची आणि समोरचे सगळे दुसऱ्या राज्यांचे हवेत. (ऐकताना सोपं वाटलं होतं.)

मी चर्चला घालायचा निळा झगा इस्त्री करून बसले, आणि सुनावणीऐवजी तिथल्या न्यायाधीशबाईंचा कागद आला. त्यात भांड्याबद्दल अवाक्षर नाही. ही बाई कुठली, एवढंच विचारलेलं. टॅकेटनी लिहिलं होतं, डेल्फिया सायझमोर टेनेसीत राहते. बाई म्हणतात, राहते हे कळलं, पण नागरिक कुठल्या राज्याची ते सांगा. मी म्हटलं, "अहो टॅकेट, मी याच घरात जन्मले, याच टेकडीवर नवरा पुरला, त्याच्या शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली. आणखी कशी राहू?" ते म्हणाले, "मिस डेल्फिया, माणूस राहतो एकीकडे आणि असतो दुसरीकडचा. कायमचं राहायचं मनात कुठे आहे, ते बघतात." म्हणजे आता कोर्ट मनातलं विचारणार! आमचे पाद्रीसुद्धा एवढ्या खोलात शिरत नाहीत.

माझं एका ओळीत निभावलं, कंपनीचं निभेना. टॅकेटनी ती जॉर्जियाची म्हणून लिहिली होती, कारण कचेरी तिथे आहे. बाई म्हणतात, ही भागीदारांची एलएलसी, हिला स्वतःचं राज्य नसतं. भागीदार ज्या ज्या राज्यांचे, त्या सगळ्या राज्यांची ती. प्रत्येकाचं नाव आणि राज्य चौदा दिवसांत लिहून द्या, नाहीतर दावा काढून टाकते. (मग अशा कंपनीचं गाव कुठलं म्हणायचं?) टॅकेटनी यादी मागवली आणि माझ्या व्हरांड्यात वाचून दाखवली. सहा जण जॉर्जियाचे, एक ओहायोचा. मी ताक पीत ऐकत होते. आठवं नाव आलं एमरी हॅचर, आणि मला ठसका लागला.

"हा आपला एमरी?" टॅकेट म्हणाले. "छे हो," मी म्हटलं, "त्याची कंपनी असती तर भांडं मला फुकट नसतं मिळालं?" मग आठवलं, होडी विकून तू कॉलेजातल्या मित्राच्या कसल्याशा धंद्यात भागी घेतली होतीस. तू विसरलास, मीही विसरले. तेव्हा बाळा, मी तुझ्यावर दावा ठोकलाय, तुझ्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. मनाला लावून घेऊ नकोस.

आता टॅकेट तुझी चौकशी माझ्याकडे करतात. लायसन? फ्लोरिडाचं. मत? तिथेच देतो, दिलं तर. ट्रक? माझ्या खुराड्यामागे, विटांवर. पत्रं? माझ्या पेटीत येतात. कुत्रा? हा काय, माझ्या पायाशी. टॅकेटनी पेन खाली ठेवलं. "मिस डेल्फिया, कुत्र्याचं आपण होऊन कशाला सांगा?" कारण तू टेनेसीचा निघालास, तर आपण दोघं एका राज्याचे, कंपनीही टेनेसीची, आणि माझा दावा बाहेर, गावच्या कोर्टात सगळं पहिल्यापासून. (हे वाक्य ऑर्फाने तीनदा खोडलं. तिला वाटतं मीच चुकीचं सांगते आहे.)

तुझी आजी, जिने सही म्हणून नेहमीची फुली काढली आहे, या वेळी डाव्या हाताने.

ता. क. सोबत टॅकेटचा कागद आहे. दावा दाखल झाला त्या दिवशी, म्हणजे तीन मार्चला, कायमचं कुठे राहायचं तुझ्या मनात होतं, ते लिहून सही कर आणि उलट टपाली पाठव. दर नाताळला तू जेवताना म्हणतोस, "आजी, पुढच्या वर्षी कायमचा परत येतो." सहा वर्षं झाली. टॅकेट म्हणतात, कोर्ट असलं नुसतं म्हणणं मोजत नाही. मी मोजत आले.

आणखी ता. क. (हे ऑर्फापासून लपवायचं होतं, पण लिहिणारी तीच.) खरं तेच लिही. दाव्याची काळजी करू नकोस, त्या मेहुण्याला मी बघून घेईन. फ्लोरिडा लिहिलंस, तर संत्र्यांची एक पेटी टपालाने पाठव. टेनेसी लिहिलंस, तर पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये.