बटणांच्या सुईने सोललेला शंख

आई,
लांबूनच वाकून नमस्कार करते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

बटणं लावायला दिलेली तुझी सुई मी भलत्याच कामाला लावलीय. जुरासिक काळातल्या समुद्री गोगलगायीचा शंख, करंगळीच्या नखाएवढा, पार दगड झालेला. आमच्या जीवाश्मांच्या प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "नेहमीचाच आहे, डबीत टाक." मला राहवेना. शेंड्याला चिकटलेला दगड सुईने कणाकणाने काढला, तर खाली बारीक मण्यांची दुहेरी ओळ. अशी नक्षी आजवर कुणीच नोंदवलेली नाही. साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं ते चहा निवला तरी काढलं नाही. "जात नवी आहे," म्हणाले.

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायची आम्हा शास्त्रज्ञांत पद्धत नाही, दुसऱ्या कुणाचंही चालतं. मी तुझं सांगून टाकलंय. गोगलगाय म्हणून नाक मुरडू नकोस.

बाबांचा खोकला थांबला का? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुझी सगळी पत्रं दादाच्या अक्षरात येतात. "आईला छान दिसतंय" हेही त्यानेच लिहिलंय.

नाव छापायला तुझी परवानगी हवी. ती तुझ्याच हाताने लिहून पाठव. एकच ओळ, वाकडी आली तरी चालेल.

तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
धाकटी