पिवळा पट्टा घेणारच!

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा कमरेत वाकून नमस्कार. (आता वाकता येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल. इकडे सगळं ठीक. अंग दुखतं, पण ते दुखणं मी स्वतः मागून घेतलंय.

झालं असं, की विमा कचेरीत दिवसभर बसून माझी पाठ आणि खुर्चीची पाठ यांत फरक उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. पळून पाहिलं, कंटाळा आला. जिममध्ये जागच्या जागी सायकल मारली, तीही बसूनच, म्हणजे पुन्हा कचेरीच! शेवटी ज्यूदोच्या वर्गात नाव घातलं. तिथे कंटाळायला सवडच नाही, कारण समोरचा आपल्याला उचलून आपटायला टपलेला असतो. आधी पडायचं कसं ते शिकवतात. त्यात मी पहिला आलो. हल्ली जिना चढताना धापही लागत नाही.

गाडी अडली ती माझ्या हातामुळे. कचेरीत एखादा दावा मंजूर करावा की नाही ते सुचेना, की मी टेबलावर थापट्या मारतो. (आमच्याकडे सगळेच मारतात, दुपारी अख्खी खोली वाजत असते.) ज्यूदोत मात्र गादीवर थापटलं की त्याचा अर्थ 'हरलो, सोडा'. कुणी मला खाली दाबलं की सुटावं कसं याचा मी विचार करू लागतो, आणि विचार सुरू झाला की हात सुरू होतो. माझा विचार पुरा व्हायच्या आत समोरचा जिंकून पाणी प्यायला गेलेला असतो! बरोबरीच्यांचे पिवळे पट्टे धुऊन विटले, माझा अजून पांढराच. "विचार कचेरीत ठेवून येत जा हो," असं सर परवा हात जोडून म्हणाले. रविवारी परीक्षेची लढत आहे. जिंकलो तर पिवळा पट्टा, आणि तो मी घेणारच. सध्या कचेरीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. साहेबांना वाटतं मला थंडी वाजते. वाटू दे!

मुलांना आशीर्वाद.

तुमचा, पडून पडून पक्का झालेला,
मेहुणा

ता. क. : लढतीला जोडीदार वजनाने जुळणारा देतात. आमच्या एवढ्याशा वर्गात मला जुळणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे तुमची बहीण. मला हसायला म्हणून आली आणि नाव घालून बसली. (कुणाचं वजन कुणाकडे गेलं ते विचारू नये.) लहानपणी तुमच्या दोघांच्या मारामाऱ्या व्हायच्या म्हणे. ती कुठल्या बाजूला कच्ची आहे, तेवढं उलट टपाली कळवा.

आणखी ता. क. : यातलं तिला काही कळू देऊ नका. पत्र टाकायला तिच्याकडेच देतोय, पण पाकीट नीट चिकटवलंय.

दादा, कसलं चिकटवलंय! तू त्यांना अक्षरही कळवू नकोस. रविवारी मी त्यांना सोडणार नाहीये, आणि त्यांनीही मला सोडू नये. इतकी वर्षं घरी आले की भिंतीकडे बघत चहा प्यायचे. आता मी स्वयंपाकघरात वावरत असले की टक लावून बघत बसतात. माझे पाय कुठे पडतात तेच बघतात, माहीत आहे मला. पण बघतात रे!