'थयथयाट' या हेवी मेटल बँडला यंदा खरोखर वाजवू देण्याबाबत

प्रति,
मा. सौ. सुरुची,
सांस्कृतिक सचिव,
गुंगालिन मराठी स्नेहमंडळ,
गुंगालिन, कॅनबेरा.

विषय: शनिवार, दि. १९ सप्टेंबरच्या गणेशोत्सवात आरतीनंतर व जेवणापूर्वी पंधरा मिनिटे मिळण्याबाबत.

संदर्भ: आपला मागील रविवारचा व्हॉट्सॲप संदेश "वेळ उरल्यास नक्की बघू", व त्यापुढील हात जोडल्याचे चिन्ह.

महोदया,

मी गुरुदत्त फणसळकर, 'थयथयाट' या हेवी मेटल बँडचा बेस गिटारवादक आणि, दुसरे कोणी तयार नसल्यामुळे, पत्रव्यवहारप्रमुख. दिवसा मी एका सरकारी खात्यात कंत्राटी आयटी कर्मचारी असून फाइल कशी सरकते आणि कशी सरकत नाही हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. म्हणून तोंडी विनंत्या थांबवून हा लेखी अर्ज करीत आहे.

१. बँडची स्थापना अकरा हिवाळ्यांपूर्वी माझ्या गॅरेजात झाली. कॅनबेराच्या जुलैमध्ये गॅरेजात भावगीत वाजवून अंगात ऊब येत नाही, हे आम्ही करून पाहिले आहे. ड्रमवर वसईचा विन्सेंट डाबरे. गायनाला मेधा कानिटकर, जिचा खर्ज लहानपणापासूनच्या रियाजाचा आहे. त्याचा उपयोग तिने गुरुजींना अपेक्षित नसलेल्या ठिकाणी केला, इतकेच. शेजारचा ट्रेव्हर एकदा आवाजाची तक्रार करायला आला, दारात उभा राहून एक आख्खे गाणे ऐकले, "मेट, यू नीड अ गिटारिस्ट" म्हणाला आणि घरी जाऊन स्वतःची गिटार घेऊन आला. त्याला मराठी येत नाही. तरी मंडळाची वर्गणी तो वेळेवर भरतो, ही गोष्ट कार्यकारिणीतील काहींनी मनावर घ्यावी.

२. आम्हाला कोणी ऐकत नाही, असा समज असल्यास तो चुकीचा आहे. वॉलॉंगॉंगच्या एका पबमध्ये आम्ही काही वर्षे नियमित वाजवत होतो. मेधाने ऑफिसच्या बैठकीत इतिवृत्त घेण्याचे सोंग करीत लिहिलेले 'रजा नामंजूर' हे गीत तेथे फार चालले. पोलादाच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेली दणकट माणसे मुठी वर करून "नामंजूर, नामंजूर" ओरडत असत. मेधाने त्यांना अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी ते गाणे पुन्हा म्हणायला लावले. त्या पबच्या जागी आता योगासनांचा वर्ग भरतो. याला आमचा इलाज नाही.

३. आमच्या अडचणीचे मूळ एका चांगल्या कामात आहे. मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात लहान मुलांचे स्तोत्रपठण चालू असताना माइक बंद पडला. विन्सेंट धावत गाडीकडे गेला व आमचे स्पीकर घेऊन आला. कार्यक्रम वाचला आणि आमचे नशीब ठरले. तेव्हापासून पत्रिकेत दर वर्षी छापून येते, "ध्वनिव्यवस्था: थयथयाट". आम्ही सर्वांच्या आधी पोचतो, वायरी टाकतो, त्यावर चिकटपट्ट्या लावतो आणि वाद्ये घेऊन भिंतीशी उभे राहतो, कारण शेवटी वेळ उरल्यास आमचा नंबर लागणार असतो. काळ्या टी-शर्टमुळे पाहुणे आम्हाला केटररची माणसे समजतात. गेल्या वर्षी ट्रेव्हरने दोन टेबलांवर मठ्ठा वाढला.

वेळ आजवर उरलेला नाही. एकदा आपल्या सभासद स्वरदाच्या मुलीचे नृत्य दोनदा झाले, कारण पहिल्या वेळी आजोबा चहाच्या रांगेत होते. एकदा आभारप्रदर्शनात आभार मानणाऱ्या समितीचेही आभार मानले गेले. शेवटी आम्हाला स्टेजवर बोलावून शाल व नारळ देतात, तोवर निम्मे लोक जेवायला बसलेले असतात. ट्रेव्हर एक शाल मोटरसायकल झाकायला वापरतो.

४. "बाप्पासमोर असा आवाज शोभत नाही," असे कार्यकारिणीचे म्हणणे आपण कळवले होते. ट्रेव्हरने फोनवरील ॲपने मोजले असता मंडळाचे ढोल-ताशा पथक आमच्यापेक्षा बरेच मोठ्याने वाजते असे आढळले. पथकाला अर्धा तास मिळतो. मेधाला "त्याच आवाजात जरा गोड काहीतरी गा" अशी सूचना करण्यात आली होती. तिने ती ऐकून घेतली, यातच तिचे संस्कार दिसतात. स्पीकर न आणण्याची धमकी आम्ही देत नाही. आम्ही सरकारी खात्यांत काम करणारी माणसे आहोत, संपाला बसायचे तरी आधी रजेचा अर्ज टाकतो.

५. इथवरचे सर्व मी हसण्यावारी नेले असते. पण विन्सेंटची आई, श्रीमती इझाबेला डाबरे, सध्या वसईहून येथे आल्या असून गणेशोत्सवानंतरच्या मंगळवारी परत जात आहेत. त्यांचे वय व गुडघे पाहता पुन्हा येणे होईलसे वाटत नाही. विन्सेंटचे वडील वसईच्या लग्नांत बँडमध्ये ड्रम वाजवीत. लग्नाच्या आदल्या दिवशी मंडळी विधीसाठी उंबराचे पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, तेव्हा सर्वांत पुढे ते असत. विन्सेंट त्यांच्याकडूनच शिकला. वडील गेल्यापासून तो दर गणपतीत आईला फोनवर सांगत आला आहे की यंदा मंडळात वाजवणार आहे. तो खोटे बोलत नव्हता. दर वर्षी त्याला तसे खरेच वाटत असे.

गेल्या महिन्यात मंगळागौरीच्या कार्यक्रमाला त्या ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. विन्सेंट स्टेजवर गेला, माइकवर टिचकी मारली, "चेक, चेक" म्हणाला आणि खाली उतरला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सभागृहात एकट्या त्यांनीच. मग कार्यक्रम झाला, संपला, आणि आम्ही वायरी गुंडाळल्या.

परतताना त्या माझ्या गाडीत होत्या. विन्सेंट सामान घेऊन मागून येत होता. त्या म्हणाल्या, "त्याच्या बापाला कुणी कधी सांगितलं नाही रे, वेळ उरला तर वाजव." मला त्या क्षणी आपला, कार्यकारिणीचा आणि सर्वांत जास्त स्वतःचा राग आला, हे येथे नमूद करतो.

६. तरी आरती झाल्यावर, माणसे बसलेली असताना, आम्हाला पंधरा मिनिटे द्यावीत. पत्रिकेत आमचे नाव गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत छापावे. कोणाला कान झाकायचे असल्यास आमची हरकत नाही. विन्सेंटला या अर्जाची कल्पना नाही. तो शनिवारी नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी येऊन कामाला लागेल. त्याच्या आईला पहिल्या रांगेत आणून बसवण्याची जबाबदारी मी घेतो; त्याला ड्रमवर बसवण्याची आपण घ्यावी.

मंडळाचा आजीव सभासद व अजूनही आपला नम्र,

(सही)
गुरुदत्त फणसळकर
'थयथयाट' करिता

गुंगालिन,
दि. ४ सप्टेंबर २०२६