बहादरपूरच्या कपाशीत उतरलेलं विमान

बहादरपूर, बुऱ्हाणपूरजवळ
२० नोव्हेंबर १९४८

प्रिय लीला,

‘सुखरूप आहे’ एवढीच तार तुला केली, त्याला आज बारा दिवस झाले. उजवा खांदा निखळला होता. इथल्या एका म्हाताऱ्याने तो ओढून बसवला. कालपासून लेखणी धरता येते, तरी हे पत्र लिहायला आजचा दिवस उजाडावा लागला.

संस्थान विलीन झाल्यावर महाराजांचं दोन माणसांचं विमान सरकारजमा झालं आणि ते सोमवारी नागपूरला पोचवायचं ठरलं, हे तुला ठाऊक आहे. पण निघायच्या सकाळी इंजिन दोनदा अडखळलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. दगा मिस्त्री म्हणाला, “साहेब, एक दिवस द्या, खोलून बघतो.” मी त्याच्यावरच खेकसलो. महाराजांची चाकरी सुटलेली. विमान वेळेत पोचलं तर सरकारी वैमानिकाची जागा मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

तापीच्या काठाकाठाने नीट आलो. बुऱ्हाणपूरचा तट लांबून दिसू लागला आणि इंजिन खोकलं, थरथरलं, बंद पडलं. पंखा समोर काठीसारखा उभा राहिला. लीला, इंजिन बंद पडल्यावर आकाशात किती शांत होतं, ते सांगता येत नाही. नुसता वारा. नदीत खडक होते, डावीकडे केळीच्या बागा, आणि समोर फुटलेल्या कपाशीचं एक मोकळं शेत. मी तिकडे वळलो. बाया कापूस वेचत होत्या. कुणीतरी वर पाहिलं आणि सगळ्या पळत सुटल्या. एक मात्र पाठमोरी, वाकलेलीच राहिली. विमानाचा आवाजच नव्हता, तिला कळणार कसं? उजव्या चाकाचा धक्का तिला लागला. धुरपदाबाई तिचं नाव. जागच्या जागी गेली.

तिचा मुलगा कडू धावत आला. मला वाटलं, आता हा मला मारणार. त्याने मला बाहेर ओढलं आणि विचारलं, “साहेब, तुमाले लागलं का?” मग तो आईकडे गेला. त्याच्याच घरात मी आजवर राहिलो, कडूच्या बायकोच्या, कौतिकच्या हातची भाकरी खाल्ली. नागपूरहून आलेल्या अधिकाऱ्याने पंचनामा केला, दोष कुणाचाच नाही असं लिहिलं आणि एवढ्या प्रसंगातही विमान शाबूत ठेवलं म्हणून माझी पाठ थोपटली. माझी जागा पक्की झाली, असं तो जाताना सांगून गेला. त्या संध्याकाळी कौतिकने चुलीपुढून मान वर न करता विचारलं, “माय दिसली नवती का तुमाले?” मी म्हणालो, नाही. “मंग देवाचीच मर्जी,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

ती मला दिसली होती, लीला. चांगली दिसली होती. केळीत वळायला वेळ होता. केळीचे खांब मऊ असतात, मी हातपाय मोडून का होईना, वाचलो असतो. विमान वाचलं नसतं. मी विमान वाचवलं.

आज धुरपदाबाईचं तेरावं झालं. पाहुणे उठून गेल्यावर मी कडू आणि कौतिकसमोर बसलो आणि जसं घडलं तसं सांगितलं, सकाळच्या इंजिनाचंही. कौतिक पदर तोंडाला लावून आत गेली. कडू एवढंच म्हणाला, “हे साहेबलोकांसमोर सांगान का?” मी हो म्हणालो. उद्या सकाळी तो गाडी जुंपून मला बुऱ्हाणपूरच्या ठाण्यात नेणार आहे. जागा तर जाईलच. तुरुंग किती, ते मला माहीत नाही. जागा मिळाल्याचं सरकारी पत्र घरी येऊन तू पेढे वाटले असशील, तर आता लोक बोलतील, ते तुलाच ऐकावं लागेल. त्यांच्या तोंडून कळायच्या आधी तुला माझ्या हातचं कळावं, म्हणून हे लिहिलं. वाचून झाल्यावर माहेरी जावंसं वाटलं तर जा. मी अडवणार नाही.

अजून म्हणवत असेल तर तुझाच,
वसंत