लेकीच्या घरचं पाणी

विलास,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. बाबाले समजलं तर मलेच बोलतीन.

गावानं अविश्वास ठराव आणून त्याईची सरपंचकी काढली, घरावर गोटे मारले, तवा ते आधी तुयाकडंच अमरावतीले आले. तू म्हणलं, "माह्या निवडणुकीच्या तिकिटाचं काय होईन, बाबा?" अन् ऑटोत बसवून दिलं.

तवापासून ते पातूरले माह्या घरी आहेत. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्याईचा नेम. तांब्या घेऊन शेजाऱ्याच्या नळावर जात. म्हणत, "विलास मले बोलावतेच, पाह्य आता." इथलंच पाणी प्या म्हणून मी लय भांडली.

आज त्याईनं तुयं नावबी न काढता माह्या माठातलं पाणी घेतलं. मले पाहवलं नाही.

तुयी बहीण,
विमल