पायाळू पोरीच्या उंच टाचा

माय, हे मी ओट्याशी उभ्यानंच लिहितेय. बसलं की कमर धरते, उठलं की गुडघे कुरकुरतात. सकाळपासून चारदा जागा बदलली. डॉक्टर म्हणाले, टाच उंच असली की अंगाचा भार पुढे पंजांवर येतो, तोल सांभाळायला कमर आत वळते आणि मधल्यामध्ये गुडघे भरडले जातात. मी मान डोलावली. हे मला नव्वदच्या सुमारालाच जळगावच्या सराफी दुकानात कळलं होतं. सांगायला कुणी नव्हतं, एवढंच.

तुला तरी कसं सांगणार? मी पायाळू, जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. रावेरात कुणाची पाठ धरली की तो आपल्या दारात हजर. केळीचे घड वाहून वाकलेली माणसं अंगणात पालथी पडायची, मी त्यांच्या पाठीला पाय लावायची आणि तू आत चहा टाकायचीस. केवढा तोरा होता तुला! जिच्या पायाला गुण, तिचीच पाठ दुखते म्हटलं असतं तर गावभर हसू झालं असतं.

दुकानात मालकाचा नियम होता, काउंटरवरच्या मुलींनी उंच टाचेच्याच सँडल घालायच्या. मी बुटकी, मला तर त्या आवडल्याच. दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांना हार दाखवायचे. वर्षभरात पोटऱ्या अशा आखडल्या की घरी अनवाणी चाललं तरी कळ यायची.

दिवाळीनंतरचा तो रविवार. तू कापूस वेचून येतेस, ओसरीत पालथी होतेस. "पाठीले पाय लाव नं वं माय," म्हणतेस. मी नुकतीच जळगावहून आलेली, दारातच उभी. म्हणते, "ही अंधश्रद्धा आता पुरे. दवाखान्यात जा."

तू उठून बसलीस, पदर सारखा केलास. "मोठी झाली वं तू आता," एवढंच म्हणालीस. पुन्हा कधी पाठ पुढे केली नाहीस, आणि पुढच्या उन्हाळ्यात गेलीस.

पोरीला आपली लाज वाटते, असंच समजून गेलीस ना? मला त्या दिवशी एका पायावर उभंच राहता येत नव्हतं, माय. दुसरा उचलला असता तर तुझ्या अंगावर पडले असते. हे सांगून मोकळी होईन म्हणून लिहायला घेतलं. हे पत्र टाकणार तर कुठेच नाही. पण तेवढंच खरं नाही. खाली बसूनही पाय लावता आला असता. नवी साडी मळेल म्हणून मी बसले नाही.