कारण अज्ञात

४ मार्च
हिच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. लिव्हर सिरॉसिस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, दारू वगैरे? म्हटलं, कधीतरी, ऑफिसच्या पार्टीत. ते म्हणाले, तुमचं नाही विचारत, बाईंचं विचारतोय.
ही खोकल्याचं औषधसुद्धा तीनदा हुंगून पिते.

११ मार्च
सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. जुनी कावीळ नाही, लोह जास्त नाही, तांबं नाही. डॉक्टर म्हणतात, कारण कळत नाही. मी पंपांच्या कारखान्यात एकवीस वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. एखाद्या फिटरने मला हे उत्तर दिलं असतं तर उभा सोलला असता. ठरलं. कारण मीच शोधणार. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

१२ मार्च
नवी फाइल आणली. हिला प्रश्नावली भरायला दिली. एक प्रश्न : पायांना सूज कधीपासून? हिने लिहिलं, 'गेल्या जूनपासून. तुम्हाला सांगितलं होतं.'
प्रश्न रद्द केला. उत्तरं वस्तुनिष्ठ हवीत.

१९ मार्च
आता संशय हिच्या माहेरावर. मेहुणा बस चालवतो. त्याला फोन करून तीन पिढ्यांचे आजार लिहून पाठवायला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, ते पाठवतो, पण ताई जेवतेय का नीट?"
सरळ मुद्दा टाळला. संशय बळावला.

२७ मार्च, दुपारी
नळाचं पाणी, स्वयंपाकाची भांडी, हिचा केसांचा डाय, सगळं लॅबला दिलं होतं. सगळं नॉर्मल. लॅबवाला हसत होता. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून पुढची दिशा आखली. तीन केक लागले. डोकं चालायचं तर साखर हवीच.
तेवढ्यात वर हिच्या पोटातलं पाणी काढलं म्हणे. साडेचार लिटर. जवळ कन्या होती. ती माझ्याशी बोलत नाहीये. थकली असेल.

८ एप्रिल
बायोप्सीतही काही नाही. डॉक्टरांनी कागदावर 'कारण अज्ञात' लिहिलं. म्हटलं, 'तपास चालू' असं लिहा. त्यांनी पेन खिशात ठेवलं. मग म्हणाले, लिव्हर बदलावं लागेल. जवळच्या कुणी तुकडा दिला तर लवकर होईल. मी जागच्या जागी जाहीर केलं, माझं घ्या! हिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन नर्सही बघत होत्या. फार बरं वाटलं.

१६ एप्रिल
माझं लिव्हर नापास. डॉक्टर म्हणाले, नुसती चरबी आहे. मी विचारलं, कारण?
"तुमचं कारण माहीत आहे," म्हणाले आणि माझ्या पोटाकडे बघत राहिले.
ही हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा.

२१ एप्रिल
मेहुण्याने परस्पर तपासणी करून घेतली. त्याचं जुळलं. निदान मला कळवायला हवं होतं.

२ मे
सकाळी सातला दोघांना आत नेलं. ट्रॉलीवरून हिने मला बोलावलं. मी हात धरून म्हटलं, तू काळजी करू नकोस, कारण मी शोधून काढणारच. ही म्हणाली, "ते राहू द्या हो. त्याची बायको एकटीच बसलीय. तिच्याजवळ जाऊन बसा."
बसलो. फाइल चाळत राहिलो.
संध्याकाळी सहाला डॉक्टर बाहेर आले. दोघंही ठीक. मी उठून विचारलं, जुनं लिव्हर उघडून बघितलंत ना, काही दिसलं? ते म्हणाले, तपासायला पाठवलंय, पण फारशी आशा नाही.
मग मेहुण्याच्या बायकोने विचारलं, त्या दोघांना बघता कधी येईल?
मला हे विचारायचं सुचलंच नव्हतं.